दीवच्या रिक्षावाल्या भाईंना, मनापासून आभार

भाई नमस्कार, तुमचं नाव इथे टाकत नाही कारण न विचारता टाकणं बरं नाही, पण ससून डॉकला इतकी वर्षं बोटीवर काढल्यामुळे तुम्हाला मराठी छान समजतं, म्हणून मराठीतच लिहितेय. त्या दिवशी निघायच्या गडबडीत नुसतं थँक्यू म्हणून गाडीत बसलो, तेवढ्यावर भागणार नाही.

दीवला लोक बीच, किल्ला आणि नायडा केव्हज बघायला येतात, आणि १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेच्या मेमोरियलला दहा मिनिटं थांबून फोटो काढून पुढे जातात. आम्ही मात्र फक्त त्याच्यासाठीच आलो होतो. बाबा नेव्हीतून रिटायर झालेले, आणि लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंगला त्यांच्या शेजारच्या कॉटवर झोपणारा त्यांचा रत्नागिरीकडचा दोस्त खुकरीवर इंजिन रूममध्ये होता. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवपासून साधारण ४० नॉटिकल मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज खाली गेलं. १८ ऑफिसर आणि १७६ खलाशी गेले, त्यात हा दोस्त. बाबा घरी याबद्दल कधीच बोलले नाहीत, आईलाही जेवढं पेपरात आलं तेवढंच माहीत.

तुम्ही काय केलंत तर टेकडीच्या चढावर बाबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा रिक्षा बाजूला लावून त्यांचा हात धरून वर घेऊन आलात, इथपर्यंत कोणीही चांगला माणूस करेल. पण वर काचेच्या आत जहाजाचं ते मॉडेल आहे ना, तिथे बाबा गप्प उभे राहिले आणि तुम्ही सहज विचारलंत, "काका, तुमचा दोस्त जहाजात कुठे असायचा?"

एवढंच. आणि बाबांनी काचेवर बोट ठेवलं, चिमणीच्या खाली, आणि बोलायला लागले ते थांबेचनात! इंजिन रूममध्ये किती उकडतं, वॉच म्हणजे ड्यूटीची पाळी बदलताना वर येऊन हवा खायला कसं बरं वाटतं, जहाज त्या रात्री हळू का चाललं होतं (जोरात चाललं की आवाजाने सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला, पाणबुडी नीट ऐकू येत नाही, आणि ते पाणबुडीच शोधायला निघालेले), कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले, दुसऱ्या दिवशी कच्छल जहाजाने ६७ जणांना वाचवलं आणि त्यात आपला माणूस असेल म्हणून मुंबईत कशी वाट बघितली. मी मुलगी असून यातलं अर्धं पहिल्यांदा ऐकत होते. तुम्ही मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाहीत, खाली दुसरं गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.

मग बाबा म्हणाले समुद्राला नारळ द्यायचा होता, राहिला. आमच्याकडे कोकणात नारळी पौर्णिमेला देतात तसा. तुम्ही काही न बोलता नारळ घेऊन आलात, चक्रतीर्थच्या खडकांवर बाबांना कंबरेला धरून उभं केलंत आणि वेटिंगचे सोडाच, नारळाचेही पैसे घेतले नाहीत. यावर मी अजून नाराज आहे, सांगून ठेवते.

नंतर तुम्ही दुसऱ्या खुकरीकडेही नेलंत, म्हणजे त्याच नावाच्या नंतरच्या युद्धनौकेकडे, २०२१ मध्ये रिटायर झालेली, आता दीवला म्युझियम म्हणून ठेवलेली. ती माझगाव डॉकला बांधलेली, हे बाबांनी तुम्हाला किती अभिमानाने सांगितलं!

घरी आल्यापासून बाबा बोलतात. रोज नाही, पण बोलतात. परवा नातवाला कागदावर जहाजाचं चित्र काढून बॉयलर कुठे ते दाखवत होते, दोस्ताचं नाव घेऊन. भाई, आमच्या घरात ते नाव मोठ्याने कोणी घेत नव्हतं. हे तुमच्यामुळे झालं.

बाबांचा निरोप, मुंबईला आलात की सरळ घरी यायचं, हॉटेल बिटेल नाही. आई सुरमई करेल. आणि नारळाचे पैसे तेव्हा घ्यावेच लागतील.