स्वागताची कमान, निरोपाचा फोटो

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. गेटवे ऑफ इंडियाचे फोटो काढायला येतोयस हे वाचून फार आनंद झाला. 'कोणती लेन्स आणू' असं विचारलंयस. लेन्सचं पुढे लिहितो, पण त्याआधी गेटवे तुला स्वतःला काय वाटतो हे ठरवून ये. उजेड कुठला, उभं कुठे राहायचं, चौकटीतून काय गाळायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

मला तो निरोपाचा दरवाजा वाटतो. बांधला स्वागतासाठी, हे खरं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले, त्याची ही आठवण. पण राजा उतरला तेव्हा कमान नव्हतीच! पायाभरणी १९१३ साली झाली, वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, इथून परतणारी शेवटची ब्रिटिश पलटण, याच कमानीखालून जाऊन मायदेशी निघाली. राजासाठी उभारलेल्या कमानीतून त्याच्याच मुलाचं सैन्य कायमचं बाहेर पडलं. नंदू, एवढी गोष्ट त्या दगडात असताना नुसती सुंदर इमारत टिपून कसं चालेल?

दुपार कलली की उजेड शहराच्या बाजूने येतो, पिवळसर बसाल्ट मधासारखा दिसतो, कोरीवकाम उठून येतं. सगळे तेव्हाच फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही, पण तो उजेड 'या' म्हणतो. 'निघालो' म्हणणारा उजेड पहाटेचा. समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे तू चौकात उभा राहिलास की सूर्य कमानीच्या पलीकडून वर येतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, आकाशावर घे, कमान काळी पडू दे. तपशील जातील म्हणून हळहळू नकोस. राजाराणीचं नाव कोरलेला मजकूर अंधारात जातो आणि उरतो फक्त दरवाजा, त्यापलीकडे पाणी. जाळ्यांच्या भोकांतून जो उजेड झिरपतो तेवढंच नक्षीकाम पुरे.

आता लेन्स. वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेऊन जवळ गेलास, तर २६ मीटरची उंची मावण्यासाठी कॅमेरा वर करावा लागतो आणि खांब आत झुकतात. तो झुकाव भव्यता दाखवायला ठीक, पण इथे मला तो नको वाटतो. मागे सर, ८५ किंवा १३५ मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लाव, कॅमेरा सरळ धर. शिखर कापलं गेलं तरी चालेल. लांबून घेतल्यावर पाण्यावरच्या होड्या कमानीत मोठ्या दिसतात, आणि निरोपाला होडी हवीच. घारापुरीच्या लाँच सुरू व्हायच्या आत पोहोच. नंतर उजेडही चढतो आणि गर्दीही.

माणसं पूर्ण टाळू नकोस. एखादी व्यक्ती पाठमोरी, पाण्याकडे चाललेली, इतकंच. कुणाला मुद्दाम उभं करू नकोस, ते लगेच कळतं. शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवलंस तर चालणारी माणसं विरघळतात आणि दगड ठाम राहतो. मला हा परिणाम फार आवडतो. ट्रायपॉडला परवानगी लागते का, ते मात्र आधी विचारून घे.

कृष्णधवलचा मोह होईल. माझं ऐकशील तर आवर. रंग काढला की उदासी आयती मिळते, आणि आयती मिळालेली उदासी कुठल्याही इमारतीला चिकटते. सूर्य वर येण्याआधीचा निळा रंग ठेव. तो त्या जागेचा, त्या वेळेचा आहे. पावसाळ्यात आलास तर प्रश्नच नाही, ओल्या फरशीत अख्खी कमान उलटी उतरते.

तुला कदाचित गेटवे वेगळाच वाटेल. रोज असंख्य लोक तिथे हौसेने येतात, त्यांच्यासाठी तो भेटीचा दरवाजा आहे. तसं वाटलं तर माझं सगळं सोड आणि दुपारीच जा. फक्त निवड करण्याआधी सगळ्या फाइल मला पाठव. तू नाकारलेलेही फोटो मला बघायचे आहेत, कारण तुझी आणि माझी निवड कधीच जुळत नाही.

तुझा,
विजय