आधी चढायचा कट्टा, मग पदक

महोदय,

पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरवणाऱ्या गोव्यात दिव्यांगांच्या घोडेस्वारीची मागणी होते, ते रास्तच. पण पॅरा ड्रेसाज, म्हणजे दिव्यांग स्वारांनी घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याची स्पर्धा, १९९६पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, ती जत्रेतली फेरी नव्हे. ग्रेड एकमध्ये, म्हणजे सर्वांत तीव्र अपंगत्वाच्या गटात, घोडा फक्त वॉकमध्ये, म्हणजे साध्या पावलांच्या चालीत चालवायचा, म्हणून ते सोपे वाटते. प्रत्यक्षात तिथेच तोल उघडा पडतो: स्वार एका कुशीवर कलला की घोड्याने काढायचे वर्तुळ अंडाकृती होते. बोटांत पकड नसेल तर लगामाला हात अडकवायचे फासे शिवावेत. पाय रिकिबीत ठरत नसेल तर रबरी पट्टा लावावा, मात्र पडताना पाय सुटलाच पाहिजे. स्वाराला खोगिराला आवळून बांधणे हा जीवघेणा जुगाड. कमजोर पायाच्या जागी छडी इशारा देते. छडीला बुजणारा घोडा इथे नकोच. व्हीलचेअरवाल्यांसाठी घोड्यावर चढायला रॅम्पचा कट्टा हवा. आणि आपल्या दमट उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत आटोपावा, घोड्यासाठीसुद्धा.

– एक प्रशिक्षक, म्हापसा