पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही, त्याचं काय?

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
दि. २० सप्टेंबर २०२५

प्रति,
नोडल अधिकारी (ग्राहक तक्रार),
डीटीएच सेवा

विषय : घरावरची व मासेमारी बोटीवरची टीव्हीची छत्री (डिश अँटेना) चुकीची बसवल्याबाबत, आणि प्रत्येक तक्रार ‘खराब हवामान’ असा शेरा मारून बंद केल्याबाबत.

महोदय,

मे महिन्यात मी तुमची दोन कनेक्शनं घेतली, एक घरासाठी आणि एक बोटीसाठी. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. यंदा पाऊस मे सरायच्या आतच येऊन थडकला आणि तेव्हापासून घरचा टीव्ही बहुतेक वेळ ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढंच दाखवतो. ग्राहक सेवेत फोन केला की उत्तर ठरलेलं : ‘सर, तुमच्याकडे वेदर खराब आहे.’ कोकणात पावसाळ्यात वेदर खराब असतं हे सांगायला कॉल सेंटरची काय गरज?

जोरदार सरीत चित्र जातं हे मला मान्य आहे. तुमच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. छत्रीचं तोंड उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेला आणि बरंच वर असतं, म्हणजे माझ्या अंगणात थेंब नसला तरी त्या बाजूला दोन-तीन किलोमीटरवर ढग कोसळत असेल तर चित्र अडकू शकतं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सर ओसरली की चित्र परत यायला हवं. शेजारच्यांकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे, जीसॅट-१५ उपग्रहावरची. मोठ्या सरीत तीही जाते आणि आभाळ जरा उघडलं की परत येते. पाऊस दोघांच्या घरावर एकच पडतो. आमच्याकडे रात्री गेलेलं चित्र दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडेपर्यंत येत नाही, आणि ढगाळ असलं तर येतच नाही. हा पावसाचा दोष असता तर सर ओसरल्यावर गेला असता.

दोष कुठे आहे ते तुमच्याच माणसाने दाखवलं. ऑगस्टमध्ये दुसरा तंत्रज्ञ आला, मुलगा कामाचा होता. त्याने एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा लहरी पकडणारा डबा, त्याखालचा वायरचा जोड माझ्यासमोर उघडला. आतून पाण्याचा थेंब खाली पडला, तांब्याच्या तारेवर हिरवट कळकट पूड धरलेली. जोडावर साधी काळी इन्सुलेशन टेप होती, तीही सुटून लोंबत होती. वायरला खाली झोळ दिलेला नाही, त्यामुळे वरून ओघळणारं पाणी ठिबकून न जाता थेट जोडात उतरतं. खाऱ्या हवेत ही टेप टिकत नाही, हे बंदरावर वायरलेस दुरुस्त करणारा कुणीही सांगेल. आमच्या बोटींच्या जोडांना रबराची, स्वतःला चिकटणारी टेप असते.

दुसरं म्हणजे खांब. आमची भिंत जांभ्या चिऱ्याची आहे. बसवणाऱ्याने त्यात दोन लहान अँकर बोल्ट ठोकले आणि निघून गेला. चिरा पावसात भिजला की मऊ होतो, बोल्ट धरत नाही. ओळंबा लावून पाहिला तर खांब सरळ उभा नाही, आणि हाताने ढकलला तर हलतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला जेमतेम तीन अंशांची नजर असते, दीड अंश इकडेतिकडे झालं की सिग्नल निम्मा. डिजिटल चित्राचा घोटाळा असा की ते खराब होत जात नाही. दिसतं तोवर लख्ख दिसतं आणि एका क्षणी बंद पडतं. म्हणून ऊन असताना तुमचा पहिला माणूस टीव्ही लावून ‘बघा, ओके आहे’ म्हणाला. मेनूमध्ये स्ट्रेंग्थची (सिग्नलच्या जोराची) पट्टी भरलेली होती, क्वालिटीची (तो किती स्वच्छ येतो त्याची) जेमतेम उंबरठ्यावर. म्हणजे पावसासाठी पदरी काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. २०२० च्या निसर्ग वादळात आमची आधीची छत्री पत्र्यासकट उडाली. त्यानंतर गावच्या मिस्त्रीने बसवलेली, पत्र्याच्या पट्ट्या भिंतीच्या आरपार घेऊन आवळलेली छत्री गेल्या वर्षापर्यंत जागची हलली नाही.

त्या तंत्रज्ञाने सगळं पाहिलं, फोटो काढले, आणि सामान नाही म्हणून तीच टेप पुन्हा गुंडाळली. व्हिजिट चार्ज घेतला. संध्याकाळी मेसेज आला : तक्रार बंद, कारण हवामान. मला सर्वांत जास्त राग या मेसेजचा आहे.

आता बोटीचं. तुमच्या विक्रेत्याने बंदरावर उभं राहून सांगितलं, ‘काका, बोटीवर पण लावून देतो, खलाशी रात्री मॅच बघतील.’ त्याने घरगुती छत्री केबिनच्या छपरावर पक्की बोल्ट केली आणि बोट किनाऱ्याला कोरडी उभी असताना चित्र दाखवून सही घेतली. बोट नांगरावर असली की भरती-ओहोटीबरोबर तिचं तोंड फिरतं. भरतीला छत्री आग्नेयेला, ओहोटीला उलट्या दिशेला की आणखी कुठे, तिला विचारायचं. त्यात लाटेवर बोट डुलते ती तीन अंशांत थोडीच डुलते! घुमटाच्या आत स्वतःहून फिरून उपग्रह धरून ठेवणारे अँटेना मोठ्या जहाजांवर असतात, त्यांची किंमत आम्हाला परवडणारी नाही आणि मी ती मागतही नाही. पण घरगुती छत्री बोटीवर चालत नाही हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यापासून खलाशांनी एकही मॅच पुरी पाहिलेली नाही. कडकडीत उन्हात तक्रार केली तरी शेरा तोच, हवामान! शिवाय फायबरच्या छपराला पाडलेल्या भोकांतून वायरलेस सेटच्या वरच पाणी गळतं. आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाने तिथे प्लास्टिकचा डबा टांगला आहे. वायरलेस बंद पडला तर वादळाची सूचना कशी मिळणार, याचा विचार तुमच्या शेऱ्यात कुठेच नाही.

तेव्हा बोटीचं कनेक्शन रद्द करून छत्री, बॉक्स, बसवण्याचा खर्च आणि उरलेल्या रिचार्जचे पैसे परत करा, आणि छपराची भोकं नीट बुजवून द्या. घरची छत्री नव्याने बसवा : भिंतीच्या आरपार पकड, गंज न धरणारे नटबोल्ट, नवी वायर आणि जोड, वायरला झोळ. काम झाल्यावर क्वालिटीचा आकडा जॉबशीटवर लिहून द्या. व्हिजिट चार्ज आणि बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे खात्यात जमा करा. आणि ऑगस्टच्या त्या तक्रारीवरचा ‘हवामान’ हा शेरा काढून तंत्रज्ञाने पाहिलेलं खरं कारण लिहा. फोटो तुमच्याकडे आहेत, माझ्याकडेही आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

माणूस पाठवाल तेव्हा शिडी आणि सामान घेऊन पाठवा. दुपारी चारनंतर बंदरावर लिलाव असतो, त्या वेळेत फोन उचलला जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक पावत्यांवर आहेत)

सोबत : दोन पावत्या, व्हिजिट चार्जची पावती, जोडाचे व केबिनच्या छपराचे फोटो