छत्रीवाल्या मावशी, थँक्यू

मावशी, हे तुम्ही कधी वाचणार नाही, मराठी तुम्हाला येत नाही आणि माझं चिनी कसलं आहे ते तुम्ही ऐकलंयच. तरी लिहितोय, कारण काल इचलकरंजीला परत आलो आणि बॅग उघडली तर सगळ्यात वर तुमची छत्री.

चीनमधल्या तुमच्या यिवू शहरात मी बटणं आणि झिपचा माल बघायला आलेलो. तुमच्या वयाच्या बाईला तिथं 'आयी' म्हणतात, त्याचा अर्थच मावशी, म्हणून इथंही मावशीच म्हणतोय.

यायच्या आधी चार महिने ऑनलाइन क्लास लावला होता. 'ता' हे क्रियापद आलं तेव्हा सर म्हणले, याचा अर्थ मारणे, बाकीचे सगळे अपवाद, पाठ करा. वर ते 'दा' म्हणायचे, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी आहे. अहो तो सरळ आपला त आहे, आणि टी लिहितात तो थ, मराठी माणसाला दोन मिनिटांत कळेल असं, पण सांगतंय कोण. फी मात्र आगाऊ.

पाठांतराचा झटका जॅकेटच्या दुकानात बसला. किंमत 100 युआन, पाटीवर 8 चा आकडा, दुकानातली मुलगी म्हणते 'ता पा च'. मी खुशीत, 80 टक्के सूट! 20 युआन काढून उभा राहिलो. तर त्याचा अर्थ दहातले आठ भाग द्यायचे, म्हणजे 80 युआन. ती मुलगी हसून हसून काउंटरवर आडवी.

मग तुमच्याकडे नूडल्स खायला आलो, निम्म्या उरल्या, तुम्ही विचारलं 'ता पाओ मा?' मी मनात म्हणलं आता कुणाला मारायचंय. तुम्ही गपचूप डबा काढून उरलेलं बांधून दिलं. बाहेर जूनचा पाऊस, आपल्यासारखाच, थांबायचं नावच नाही. मी दारातच उभा. तुम्ही भिंतीवरची छत्री काढली, माझी मूठ उघडली, त्यात दांडा ठेवला, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि हात धरून वर उचललात. म्हणलात, 'ता सान.' सान म्हणजे छत्री. बस, एवढंच.

हॉटेलपर्यंत चालताना डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण तरी काय, फोन मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो, झाडू मारतो, मिठीसुद्धा मारतो, त्यात कोण कुणाला हाणतं? तुमच्यातही फोन, झाडलोट, टॅक्सी पकडणं, सुई टोचणं सगळीकडे हा ता, शिंकायलासुद्धा. सगळं जुळत नाही, छत्री काय आपण मारत नाही आणि मिठीला तुमच्यात ता लागत नाही. पण रूमवर जाऊन ते अक्षर नीट बघितलं तर डाव्या बाजूला हाताची खूण! चार महिन्यांत ती कुणी दाखवली नव्हती. (शिंकेत हात कुठला, ते विचारू नका.)

अनोळखी माणसाला छत्री देताना तुम्ही नाव विचारलं नाही, कधी परत करणार तेही नाही. आमच्याकडे पेन देताना लोक टोपण काढून ठेवतात.

पुढच्या ऑर्डरला येतोय, छत्री घेऊनच. दारात आल्यावर काय म्हणायचं ते शोधून ठेवलंय, 'ता राओ ल', म्हणजे त्रास दिला हं. त्यातही ता आहेच.