लेकीच्या डिसॅबिलिटी अपिलाबद्दल

नेवार्क, न्यू जर्सी

ती. दादा आणि वहिनींना,
सा. न. वि. वि.

डिसॅबिलिटीचा (अपंगत्वाचा) भत्ता नाकारल्याविरुद्धच्या अपिलाला सोशल सिक्युरिटी या अमेरिकन सरकारी खात्याच्या अपील्स कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या शेवटच्या पायरीनं, नकार दिल्याचं पत्र तुमच्या लेकीनं मला पाठवलं. नीट वाचलं. वहिनी, सोशल सिक्युरिटीच्या दारातलं सगळं संपलं असलं तरी फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट उरलं आहे.

आधी दिवस मोजा. पत्र मिळाल्यापासून ६० दिवस, आणि पत्रावरच्या तारखेनंतर ५ दिवसांनी ते मिळालं असं धरतात. त्या मुदतीत दावा कोर्टात पोचलेला हवा, टपालात टाकलेला चालत नाही. दिवस कमी पडत असतील तर मुदत संपण्याआधी कौन्सिलकडेच कारणासह लेखी मुदतवाढ मागायची. कोर्टात न जाता नुसता नवा अर्ज केला, तर मागच्या काळाच्या पैशांवर पाणी सोडावं लागू शकतं, म्हणून तिला थांबवा.

फी ४०५ डॉलर, पण उत्पन्न-खर्चाचा फॉर्म भरून माफी मागता येते. डिसेंबर २०२२च्या नियमांमुळे दावा साधा असतो आणि सरकारला समन्स बजावावं लागत नाही, कोर्टच कळवतं. सरकार ६० दिवसांत केसचं सगळं दप्तर दाखल करतं, मग ३० दिवसांत आपला लेखी युक्तिवाद.

वहिनी, पुण्याच्या डॉक्टरांचं नवं सर्टिफिकेट घ्यायचं म्हणता, पण कोर्ट जुनं दप्तरच वाचतं. नवा पुरावा महत्त्वाचा असेल आणि आधी न देण्याला सबळ कारण असेल, तरच केस फेरविचाराला परत जाते. ‘ती खरंच आजारी आहे’ एवढं सांगूनही भागत नाही, कारण निकालाला पुरेसा आधार दिसला की कोर्ट तो बदलत नाही. चूक दाखवावी लागते. जसं की, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत त्यांच्या तपासण्यांशी आणि इतर कागदांशी जुळतं का, हे सोशल सिक्युरिटीच्या हिअरिंगमधल्या (सुनावणीतल्या) जजनं तपासलं नाही. किंवा हिअरिंगमध्ये नोकऱ्यांच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारताना तिच्या हाताची अडचण वगळली. बळ इथेच आहे.

जिंकलं तरी बहुधा चेक येत नाही, नवी हिअरिंग मिळते. कोर्टातल्या कामासाठी वकिलाला तिच्या भत्त्याच्या थकबाकीच्या २५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सरकारकडूनही फी मिळाली, तर दोन्हींतली लहान रक्कम वकिलानं तिला परत द्यावी लागते.

तिला म्हणावं, जजच्या निकालाची सगळी पानं आणि पाकिटासकट कौन्सिलचं पत्र आजच स्कॅन करून मला पाठव.

तुमचा धाकटा