मधमाशी कोणत्या कपाटात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोडी, खेळ, शोधस्पर्धा घेतल्या की ‘ही अभ्यासाची जागा आहे, जत्रा नव्हे’ असा सूर हमखास निघतो. माझी सगळी नोकरी देवघेव आणि संदर्भ विभागात गेली, म्हणून हे पत्र.

नव्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी ग्रंथालयाची ओळख करून द्यायचो. तासभर भाषण, पडद्यावर तक्ते, समोर जांभया. आठवड्याने तीच मुले काउंटरवर, “सर, पुस्तक सापडत नाही.” एका वर्षी भाषण गुंडाळले आणि हातात चिठ्ठी दिली : मधमाशीवरची पुस्तके तीन वेगळ्या कपाटांतून शोधा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणात मधमाशी कीटक म्हणून ५९५.७ मध्ये बसते, मधमाशीपालन शेतीच्या शेजारी ६३८.१ मध्ये आणि तिच्यावरची कविता थेट साहित्याच्या, म्हणजे ८०० च्या घरात. मुले मजले हिंडली, आपसात भांडलीसुद्धा. शेवटी एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मधमाशी एकच, पण तिच्याकडे बघतंय कोण त्यावर पुस्तकाची जागा ठरते!” माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांत हे वाक्य एकदाही आले नव्हते.

खेळाला नाक मुरडणाऱ्यांनी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांना आठवावे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण दर वेळी नवी वस्तू. विषयांचेही असे सुटे भाग पाडून हवे तसे जोडता येतील, हे त्यांना त्या खेळण्यावरून सुचले. त्यातून घडलेली त्यांची द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण पद्धत १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मात्र कोपऱ्यात कॅरम मांडायचा आणि फोटो वार्षिक अहवालाला जोडायचा, याला मी उपक्रम म्हणणार नाही. ग्रंथालय वापरल्याशिवाय जिंकताच येऊ नये, असा खेळ हवा. पाच संदर्भ द्या, त्यांतला एक बनावट. हल्ली चॅटबॉट असे संदर्भ बेमालूम रचून देतात : लेखक खरा, नियतकालिक खरे, फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नसतो. मूळ अंक उघडून तो खोटा संदर्भ पकडायला अर्धा तास पुरतो, आणि प्रबंध लिहिताना ती सवय उपयोगी पडते.

वाचनकक्षापासून हे दूर ठेवावे आणि परीक्षेच्या तोंडावर तर नकोच, यात वाद नाही. आमच्या त्या पहिल्या खेळानंतर दोन दिवस पुस्तके भलत्याच कपाटांत सापडत होती, हेही कबूल करतो. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ वाढवली : काढलेले पुस्तक परत कपाटात ठेवू नका, टेबलावर ठेवा, आम्ही लावू.

– एक निवृत्त ग्रंथपाल