नरकाचा प्रश्न वेगळा, दुःखाचा वेगळा

संपादक महाशय,

मागच्या रविवारी एका वाचकाने लिहिलंय की ख्रिश्चनांचा देव आधी माणसाला मोकळीक देतो आणि ती वापरली की नरकात टाकतो, मग ही कसली मोकळीक. मी स्वतः ख्रिश्चन, क्वार्टर गेटजवळ वाढलेलो, हा टोमणा शाळेपासून ऐकतोय आणि खरं सांगायचं तर अर्धा पटतोही.

पण यात दोन प्रश्न एकात कालवलेत, जगात दुःख का आणि नरक का. माणसं एकमेकांना छळतात ते स्वेच्छेच्या नावावर घालता येईल, भूकंपाचं काय? 1 नोव्हेंबर 1755ला, ऑल सेंट्सच्या सणाला, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये लोक मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जमलेले असताना भूकंप झाला आणि चर्चची छपरं त्यांच्याच डोक्यावर आली. यात कोणी काय निवडलं होतं? अशा वेळी पापाचं फळ वगैरे कोणी बोललं की डोकंच फिरतं (हॉस्पिटलात भेटायला येणारे कोणी 'मागच्या जन्मीचं' म्हणतात, आमच्या चर्चमधल्या मावश्या 'देव परीक्षा बघतोय' म्हणतात, पेशंटला दोन्ही सारखंच). बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा येशू सरळ विचारतो, ती काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती का, आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे पश्चात्तापाचं बोलतो, पण बुरूज का पडला ते सांगत नाही.

आता नरक. 1992च्या कॅथलिक कॅटेकिझमप्रमाणे (चर्चच्या शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक) नरक म्हणजे माणसाने स्वतःहून देवापासून कायमचं तुटणं, 1999मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हेच बोलले की ती जागेपेक्षा अवस्था आहे, म्हणजे 'देव टाकतो' हे तितकंसं बरोबर नाही. माझं घोडं अडतं ते पुढे. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यात, अर्धवट माहितीवर केलेली निवड आणि भोग अनंतकाळ? तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताला वाटत होतं की शेवटी सगळेच देवाकडे परततील, पुढे संत ऑगस्टीनने ते खोडून काढलं आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ऑगस्टीनच चालला. पण त्याच ऑगस्टीनचं म्हणणं की देवाच्या कृपेशिवाय माणूस चांगलं निवडूच शकत नाही, मग ज्याला कृपाच मिळाली नाही त्याला शिक्षा कशाची, हा हिशोब मला तरी अजून लागलेला नाही.

पत्रलेखकाने हे विचारायला हवं होतं. नगर रोडला रामवाडीत ज्ञानदीप विद्यापीठ आहे, फादर होणारी मुलं तिथे हेच शिकतात, त्यांना गाठून जरूर वाद घालावा, मीही येईन.

– एक वाचक, वानवडी, पुणे